मु. पो. नाशिक रोड

समाजमाध्यमांनी सामान्य माणसाला पहिल्यांदाच आवाज दिला, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे इतक्यांदा कानावर पडले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. नाशिककरांना तरी ते वाटायला हवे. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये जवळपास शंभर वर्षे टपाल तिकिटे छापली जात आहेत. पोस्टकार्डे, आंतर्देशीय पत्रे आणि पाकिटेही याच प्रेसच्या यंत्रांवरून देशभर गेली. पुढे 1980च्या दशकात हैदराबादच्या छापखान्याने यातला काही भार उचलला, तरी तिकिटाचे नाव निघाले की नाशिकचे नाव आजही निघते. म्हणजे भारतातल्या कोट्यवधी अनोळखी माणसांनी एकमेकांना जे लिहिले, त्याचा कागद किंवा त्यावरचे तिकीट मोठ्या प्रमाणात या एका गावातून गेले. त्या कागदाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. संपर्काचे साधन लोकांचे आहे की नाही, हे त्याच्या वेगावरून किंवा तंत्रावरून ठरत नाही. खर्च कोण उचलतो, दर कोण ठरवतो आणि नियम मोडले तर जाब कुणाला विचारता येतो, यावर ते ठरते. पोस्टकार्डाच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांना उत्तरे होती. आज हातातल्या फोनवर जे फुकट मिळते, त्याच्या बाबतीत ती शोधावी लागतात.

टपाल सर्वांचे होण्याआधी काय होते, याचा दाखलाही नाशिक परिसरातच मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयात नाशिकजवळ गंगापूरला राहिल्या. राज्यकर्त्याने कसे वागावे, याचा नातू सवाई माधवराव यांना उपदेश करणारे त्यांचे पत्र मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अशी पत्रे पोचवायला पेशव्यांच्या पदरी जासूद असत, सावकारांकडे त्यांची स्वतंत्र व्यवस्था असे. बाकीच्या रयतेने निरोप पाठवायचा तो त्या दिशेला कुणी ओळखीचा निघाला असेल तर त्याच्या तोंडी, किंवा गोदावरीवर आलेल्या यात्रेकरूच्या हाती. कंपनी सरकारने 1837 साली टपाल कायद्याने जनतेला खुले केले, पण दर अंतरावर आणि वजनावर ठेवला. जितके लांब तितके महाग, त्यामुळे ज्याचे माणूस सर्वांत दूर गेलेले त्यालाच लिहिणे सर्वांत अवघड. 1854 साली हे मोडले. 1 ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की कलकत्त्याला. अंतर दरातून काढून टाकण्याची ही कल्पना इंग्लंडात 1840 साली रोलंड हिल यांनी अमलात आणली होती. 1865 साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-नाशिक सलग जोडले गेले. एरवी कित्येक दिवस घेणारी टपालाची थैली आता आगगाडीतून येऊ लागली. पण आगगाडी नुसती वेगवान होती. लिहिणाऱ्यांची संख्या वाढली ती एकसारख्या आणि आधी माहीत असलेल्या दरामुळे.

अर्धा आणाही पुष्कळांना जड होता. ऑस्ट्रिया-हंगेरीने 1869 साली पहिले पोस्टकार्ड काढले आणि दहाच वर्षांनी, 1 जुलै 1879 रोजी, ते भारतात आले. किंमत पाव आणा, म्हणजे पत्राच्या निम्मी. या स्वस्ताईची अट एकच होती, मजकूर उघडा राहणार. उघड्या पत्रावर घरच्या गोष्टी कशा लिहायच्या, नोकरचाकर वाचतील, पोस्टमन वाचेल, हा आक्षेप युरोपात घेतला गेला होता आणि इथेही तो मनात असणारच. मराठी माणसाने त्यावर तोडगा काढला तो लिहिण्याच्या रीतीतच. नेहमीचे कार्ड डोळ्यांसमोर आणा. वर मध्यभागी ‘श्री’, उजवीकडे गाव आणि तिथी, मग ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत सगळा शिष्टाचार संपलेला. पुढे ‘पत्र लिहिण्यास कारण की’ म्हणून थेट कामाला हात. जागा संपत आली की अक्षर बारीक होते, ओळी समासात चढतात, शेवटचा ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ कार्ड आडवे धरून कडेला लिहिलेला. पलीकडच्या बाजूला उजव्या अर्ध्यात पत्ता: मु. पो., ता., जि. लग्नाच्या पत्राला हळदकुंकवाची बोटे. मृत्यूचे कार्ड असेल तर कोपरा फाडलेला, म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हातात घेताच कळावे. घाईचे असेल तर ‘हे पत्र तारेप्रमाणे समजून निघून यावे’. वाचून झालेली कार्डे वाड्यातल्या खुंटीला लटकणाऱ्या वाकड्या तारेत ओवली जात. उघडे, त्रोटक आणि चारचौघांत वाचले जाणारे लिखाण समाजमाध्यमांनी आणले म्हणणाऱ्याने या तारेतले एखादे कार्ड काढून पाहावे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. लिहिता-वाचता येणारे होते किती? 1901च्या जनगणनेत देशातली साक्षरता शेकडा पाचच्या आसपास होती, 1951 साली ती जेमतेम अठरावर पोचली. मग पोस्टकार्डाला लोकांचे माध्यम कसे म्हणायचे? आक्षेपात तथ्य आहे. बायका, शेतमजूर, दलित यांच्यातल्या बहुसंख्यांना स्वतःच्या हाताने एक ओळही लिहिता येत नव्हती. पण इथे साक्षर माणसे मोजून भागत नाही. शाळामास्तर, तलाठी, पोस्टाच्या ओट्यावर बसणारा लेखनिक, शेजारचा चौथी पास मुलगा ही सगळी त्या व्यवस्थेची माणसे होती. एक जण लिही, दहा जण सांगत. एक जण वाची, वीस जण ऐकत. 1880 साली पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली, आणि मुंबईच्या गिरणगावातला कामगार गावाकडे पैसे पाठवू लागला. फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी लिहायला जागा असे. पैसे मोजून देताना पोस्टमन त्या ओळी वाचून दाखवी, आणि घरात महिन्याकाठी तेवढाच माणसाचा आवाज येई. या मध्यस्थांमुळे गुपित राहत नसे, कधी मजकुरात फेरफारही होत असेल. तरीही ज्याला अक्षरओळख नाही त्याचा निरोप सरकारी यंत्रणेने ठरलेल्या दरात शेकडो मैल नेणे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

अनोळखी माणसाशी नुसत्या लिखाणातून नाते जुळण्याचे तर अस्सल मराठी उदाहरण आहे. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना वाचले आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते. तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. 1883 साली आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या परक्या देशात त्यांना उतरायला घर होते. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याला मागे ठेवून समुद्र ओलांडते, ती पत्रांतून जुळलेल्या मैत्रीच्या भरवशावर. पण या मैत्रीला वेळ लागला, आणि त्या वेळातच परस्परांची पारख झाली, हेही लक्षात घ्यायला हवे.

टपालाचा राजकीय उपयोग पाहायचा तर पुन्हा नाशिकलाच यावे लागते. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि लढा पुढे काही वर्षे चालला. नाशकातली धुरा भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांकडे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत, आणि गोलमेज परिषदेच्या काळात लंडनला. दोघांमधला धागा पत्रांचा होता, आणि ती पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. 3 मार्च 1934 रोजी बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिले ते पत्र फार महत्त्वाचे आहे. रामनवमीला सत्याग्रह पुन्हा करावा की नाही या प्रश्नावर त्यांनी नको असा स्पष्ट सल्ला दिला. मंदिरात गेल्याने प्रश्न सुटत नाही, समाजाने आपली शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे वळवावी, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. सभेतल्या भाषणाने लोक उभे राहतात हे खरे, पण चालू लढ्याची दिशा बदलण्याइतका अवघड विचार या दोघांनी पाकिटातल्या पत्रातून केला. चळवळीला दोन्ही लागतात, चव्हाट्यावरचे बोलणे आणि बंद पाकिटातले बोलणे. ज्या समाजाला देवळाच्या दारात अडवले जात होते, त्याच्या नेत्याचे पत्र त्याच दराने, त्याच थैलीतून आले. टपालाने जात मोडली असा याचा अर्थ नाही. दर मात्र जातीवर ठरत नव्हता.

इंडिया सिक्युरिटी प्रेस नाशिक रोडला आली ती याच काळात. त्याआधी भारताची तिकिटे लंडनच्या ‘डे ला रू’ कंपनीकडून छापून येत. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ही छपाई देशात आणायचे ठरवले. मुंबईच्या जवळ, मुख्य रेल्वेमार्गावर असलेली नाशिक रोडची जागा निवडली गेली आणि 1925च्या सुमारास काम सुरू झाले. 1926पासून पाचव्या जॉर्जची जी तिकिटे निघाली, त्यांचा कागद उजेडात धरला की सर्वत्र विखुरलेल्या ताऱ्यांचा जलचिन्ह-नमुना दिसतो. संग्राहक त्या ताऱ्यांवरून नाशिकची छपाई ओळखतात. 1931ची नवी दिल्ली मालिका इथलीच. 21 नोव्हेंबर 1947 रोजी निघालेले स्वतंत्र भारताचे पहिले, तिरंगा आणि ‘जय हिंद’ असलेले साडेतीन आण्यांचे तिकीटही इथलेच. छपाई देशात आल्याने लोकांना टपाल आपोआप स्वस्त झाले नाही. 1922 साली पोस्टकार्ड पाव आण्याचे अर्धा आणा झाले, 1931 साली पाऊण आणा. पण दरवाढ झाली की दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात त्यावर वाद होत, अर्थविधेयकाच्या चर्चेत पोस्टकार्डाचा दर वर्षानुवर्षे येई. परक्या सरकारलाही कार्डावरच्या एकेका पैचे उत्तर द्यावे लागे.

ही जबाबदारी स्वातंत्र्यानंतर वाढली. आंतर्देशीय पत्र 2 ऑक्टोबर 1950 रोजी आले. त्यात पाकिटाची गुप्तता होती आणि किंमत पाकिटापेक्षा कमी. पोस्टकार्ड आज पन्नास पैशांना मिळते. ते छापून, वाहून, दारात नेऊन टाकण्याचा खर्च त्याच्या कित्येक पट आहे, आणि तो तोटा सरकार उघडपणे सोसते. इथे किंमतपत्रिकेतली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. साधे कार्ड पन्नास पैसे, छापील मजकुराचे कार्ड सहा रुपये, स्पर्धेसाठीचे कार्ड दहा रुपये. वजन तेच, वाहणारा तोच, पोचवणाराही तोच. हा फरक आला तो लोकांच्या हौसेतून. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी आपले आणि आपल्या गावाचे नाव ऐकू यावे म्हणून गावोगावचे श्रोते कार्डे धाडत. 1990च्या दशकात दूरदर्शनच्या ‘सुरभि’ कार्यक्रमाला प्रश्नांची उत्तरे म्हणून एका आठवड्यात दहा लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद आहे. स्वस्त कार्ड काढले ते माणसांनी एकमेकांना लिहावे म्हणून, पण त्यावर कार्यक्रमांची लोकप्रियता पोसली जाऊ लागली. तेव्हा टपाल खात्याने स्पर्धा-पोस्टकार्ड वेगळे काढून त्याचा दर चढा ठेवला. खाजगी बोलणे स्वस्त आणि धंद्याचे बोलणे महाग, ही सीमारेषा सार्वजनिक खात्याने आखली, आणि ती सर्वांना वाचता येईल अशी दरपत्रकात छापली.

2002 साली त्याच खात्याने उलट प्रयोगही करून पाहिला. ‘मेघदूत’ नावाचे कार्ड पंचवीस पैशांना निघाले. पत्त्याच्या बाजूला डावीकडे जाहिरात, म्हणून किंमत निम्मी. जाहिरातदाराने खर्च उचलायचा आणि लोकांनी स्वस्तात लिहायचे, हे गणित फेसबुक जन्माला येण्याच्या दोन वर्षे आधी भारतीय टपालाने मांडले होते. फरक कुठे पडतो ते इथे नेमके दिसते. मेघदूत कार्डावरची जाहिरात छापतानाच ठरलेली असे. तुम्ही काय लिहिले, कुणाला लिहिले, आजारपणाचे लिहिले की लग्नाचे, याच्याशी जाहिरातदाराचा संबंध येत नव्हता. नंतरच्या कंपन्यांनी तोच संबंध विकायला काढला. 2014 साली फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतले आणि 2016 साली वापरकर्त्यांची काही माहिती फेसबुकला देण्याचे धोरण आले. त्यावर इथल्या लोकांना न्यायालयात जावे लागले, कारण विचारायला दुसरी जागा नव्हती.

सरकारही पत्रे उघडत होतेच की, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1898च्या टपाल कायद्याच्या कलम 26ने सरकारला पत्रे अडवण्याचा अधिकार दिला होता, आणि तो देशभक्तांविरुद्ध वापरला गेला. स्वतंत्र भारताने कलम ठेवले. 2023च्या नव्या कायद्यातही तसा अधिकार आहे. तेव्हा सरकारी टपाल म्हणजे सुरक्षित टपाल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण हा अधिकार कायद्यात लिहिलेला होता, म्हणूनच त्यावर लढता आले. 1986 साली संसदेने तो वाढवणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते कधीच कायदा झाले नाही. पत्र फोडणाऱ्या हाताला कलमाचा आधार शोधावा लागत होता. कंपनीच्या अटी आपण न वाचता मान्य करतो, त्या ती हवे तेव्हा बदलते, आणि त्यांच्यावर सही नाकारणारा राष्ट्रपती कुठे नसतो.

तिसरा आक्षेप आजच्या बाजूने आहे आणि तो मान्यच करायला हवा. इंटरनेटने जे दिले ते पोस्टकार्ड कधीच देऊ शकले नसते. 1996 साली ‘मायबोली’ सुरू झाली आणि परदेशातली मराठी माणसे एका जागी जमली. युनिकोडमुळे देवनागरी कुठल्याही संगणकावर उमटू लागली, तसे ब्लॉग आले, आणि संपादकाच्या साभार परत चिठ्ठीची भीती संपली. सुरगाण्यातल्या शिक्षकाला किंवा मालेगावातल्या यंत्रमाग कामगाराला आज आपले म्हणणे जगापुढे मांडता येते, अक्षर येत नसेल तर बोलून पाठवता येते. पण त्याच काळात काय नाहीसे झाले तेही मोजावे. 2004 साली आलेले ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले आणि त्यावर जमलेल्या मंडळींचे अड्डे उठले. जिओसिटीजवरची घरगुती पाने 2009 साली पुसली गेली. तारसेवा 2013 साली बंद झाली आणि रजिस्टर पोस्ट 2025 साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, पण लोकांकडचे एकही पत्र त्यामुळे नाहीसे झाले नाही. लिहिलेला कागद ज्याला मिळाला त्याच्याच मालकीचा होता.

पोस्टकार्डाकडे परत चला, असे कुणी म्हणणार नाही. ते होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. प्रश्न आहे तो पोस्टकार्डाकडून आपण जे मागत होतो ते नव्या साधनांकडून का मागत नाही, हा. फुकट मिळते म्हणून आपण दर विचारत नाही. दर विचारला नाही की खर्च कोण उचलतो हे कळत नाही, आणि ते कळले नाही की जाबही विचारता येत नाही. दर कितीही कमी असो, तो छापलेला असावा, म्हणजे माहितीच्या रूपाने आपण काय मोजतो ते स्पष्ट सांगितले जावे. धंद्याचा मजकूर आणि माणसांचे बोलणे यांना वेगळे नियम असावेत. दुकान बंद झाले तरी आपले लिखाण आपल्याला घरी नेता यावे. पत्र कोण, कधी, कुठल्या कलमाखाली उघडू शकतो हे संसदेत ठरावे. या चारही गोष्टींसाठी नवे तंत्र शोधावे लागत नाही, त्यांसाठी कायदा करावा लागतो. पाऊण आण्याच्या कार्डासाठी गुलामीतल्या विधिमंडळात वाद घालणारे प्रतिनिधी या देशाला मिळाले होते. आज मते मागायला येणाऱ्यांना हा प्रश्न विचारणे आपल्या हातात आहे, आणि तो विचारला पाहिजे.